नेमबाजीचें स्थिर मेज

बंदुकीचा नेम चुकला कीं दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. नेम धरणाऱ्याचा हात कांपला असेल, श्वास मध्येंच सुटला असेल, चाप ओढतांना बोटानें हिसका दिला असेल. किंवा नळींतच कांहीं दोष असेल, माशी वांकडी बसली असेल, गोळ्या एकसारख्या वजनाच्या नसतील, वाऱ्याची झुळूक आली असेल. लक्ष्याच्या कागदावर पडलेलें भोंक यांपैकीं कोणाविरुद्धहि साक्ष देत नाहीं. तें 'चुकलें' एवढेंच सांगतें. न्यायाधीशापुढें दहा संशयित उभे असावे आणि साक्षीदार मात्र मुका असावा, तशी ही स्थिति आहे. अशा वेळीं एकेका संशयितास वेगळें काढून तपासणें हाच मार्ग. नेमबाजींत हें वेगळें काढण्याचें साधन म्हणजे एक साधें, परंतु अत्यंत स्थिर असें मेज. तें मेज घरच्या घरीं, गांवांतल्या सुताराच्या मदतीनें कसें तयार करावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें मेज ऑलिंपिकमधील स्पर्धेंत वापरण्याचें नव्हे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटरच्या रायफलींत जगज्जेतेपद मिळविलें, तें जमिनीवर पालथें झोपून नेम धरण्याच्या प्रकारांत. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें कांस्यपदक मिळविलें, तें गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभें राहून अशा तीन आसनांच्या प्रकारांत. या कोणत्याहि आसनांत मेजाचा आधार घेतां येत नाहीं. मग मेज कशासाठीं? तर बंदुकीची परीक्षा घेण्यासाठीं. माशी व मागील भिंग नीट जुळवावयाचें असेल, कोणत्या जातीची गोळी आपल्या नळीस मानवते हें पाहावयाचें असेल, तर माणसाचें कांपणें त्या हिशेबांतून वगळावें लागतें. ज्या तरुणानें काटकसर करून बंदूक घेतली, तो मेजावांचून तिची परीक्षा घेऊं लागला तर बंदुकीचे दोष स्वतःवर ओढून घेतो आणि स्वतःचे दोष बंदुकीवर लादतो. यांत गोळ्या तर वायां जातातच. पण त्याहून मोठी हानि म्हणजे मनाचा विश्वास जातो. त्या विश्वासाच्या मानानें चार लाकडांचा खर्च कांहींच नाहीं.

ही गोष्ट फार पूर्वीं ओळखणाऱ्यांपैकीं एक अमेरिकन गृहस्थ होते, डॉक्टर फ्रँकलिन मॅन. शिक्षणानें ते वैद्य. पण त्यांचा जन्म गेला तो गोळी नळींतून सुटल्यापासून लक्ष्यावर पोंचेपर्यंत काय काय करते हें शोधण्यांत. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मिलफोर्ड गांवीं स्वतःच्या जमिनीवर त्यांनीं प्रयोगाची जागा तयार केली. तेथें जमिनींत पाया घालून त्यांनीं एक अचल असा आधार उभारला आणि त्याला मोठ्या कौतुकानें 'नेमबाजीचें जिब्राल्टर' असें नांव दिलें. त्या खडकासारख्या आधारावर नळी ठेवून केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्याहि आधीं, १९०१ सालीं, कॉलोराडो संस्थानांत रोलंड नांवाच्या नेमबाजानें टेकूवर बंदूक ठेवून दोनशें यार्डांवरून दहा गोळ्या पाऊण इंचाहूनहि लहान घेरांत बसविल्या. पुढें १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मेजावरील नेमबाजीचा एक स्वतंत्र खेळच उदयास आला व त्याच्या संघटना स्थापन झाल्या. आपल्या प्रस्तुत विषयाचें कूळ हें असें आहे.

आतां थोडा हिशेब पाहूं. कारण हा हिशेब समजला म्हणजे पुढील प्रत्येक सूचनेचें कारण आपोआप ध्यानांत येईल. मेजावर बंदूक दोन ठिकाणीं टेंकलेली असते. पुढें एका उशीवर आणि मागें, दस्त्याखालीं, दुसऱ्या उशीवर. या दोन उशांमधील अंतर सुमारें दोन फूट धरा. सुतारकामांत इंचाचे आठ भाग करून एकेका भागास सूत म्हणतात, हें आपणांस ठाऊक आहेच. समजा, मागील उशी एका सुताच्या अवघ्या बाराव्या हिश्शानें हलली. डोळ्यांस तें दिसणारहि नाहीं. परंतु दोन फुटांत जी चूक सुताच्या बाराव्या हिश्शाइतकी, ती शंभर यार्डांवर, म्हणजे तीनशें फुटांवर, दीडशेंपट होते. आणि गोळी दीड इंचाहून अधिक बाजूस जाते. हवाई बंदुकीच्या दहा मीटरच्या लक्ष्याचें पाहूं गेल्यास तेवढ्याच हालचालीनें छरा सुमारें चार मिलिमीटर सरकतो. त्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून दुसरें वर्तुळ अडीच मिलिमीटरांवर असतें आणि दहा गुणांचा ठिपका तर अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तेव्हां डोळ्यांस न दिसणारी हालचाल कागदावर मात्र ठळक दिसते. जेवणाचें मेज किंवा शाळेंतील बांक या कामीं कां चालत नाहीं, त्याचें उत्तर या एका हिशेबांत आहे.

मेज तीन प्रकारांनीं दगा देतें. पहिला प्रकार डुगडुगण्याचा: एक पाय अधांतरीं राहतो आणि मेज दोन बाजूंस झुलतें. दुसरा प्रकार डळमळण्याचा: पाय जमिनीवर नीट टेंकलेले असतात, पण सांधे ढिले असल्यामुळें वरची फळी आडवी सरकते. तिसरा प्रकार थरथरण्याचा: फळी पातळ असते, आणि हृदयाचा ठोकादेखील तींत उमटतो. या तीन शत्रूंस तीन निरनिराळे उपाय आहेत. पहिल्यास पायांची संख्या, दुसऱ्यास तिरकस पट्ट्या, तिसऱ्यास जाडी व वजन.

पहिल्या शत्रूचा विचार करूं. चार पायांचें मेज सपाट फरशीवर ठीक असतें. पण अंगणांत, शेताच्या बांधावर किंवा चांदमारीच्या उंचसखल जमिनीवर त्याचा एक पाय हटकून वर राहतो. तीन पायांचें मेज कधींच डुगडुगत नाहीं. कारण कोणतेहि तीन बिंदु एकाच पातळींत येतात. चवथा त्या पातळींत येईलच असा नियम नाहीं. आपल्या घरांतील तिवई कशाहि जमिनीवर निमूटपणें उभी राहते, तिचें रहस्य हेंच. म्हणून आपलें मेज तीन पायांचें करावें. मात्र तीन पाय कोठेंहि लावून चालणार नाहीं. जेथें भार पडतो तेथें पाय हवा.

फळीचें माप असें घ्यावें. पुढून मागें लांबी ४८ इंच, आणि डावीकडून उजवीकडे रुंदी ३६ इंच. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्यासाठीं मागील डाव्या कोपऱ्यांतून एक चौकोन कापून काढावा. त्याची रुंदी १६ इंच व खोली १८ इंच. या खांचेंत बसणाऱ्याचें शरीर येतें आणि उजवीकडे २० इंच रुंदीची जीभ मागें शिल्लक राहते. बंदूक या जिभेच्या डाव्या कडेपासून सुमारें पांच इंचांवर, मेजाच्या लांबीच्या रेषेंत येते. तिच्या उजवीकडे उजवें कोंपर टेंकतें, आणि डावा हात छातीसमोर दुमडून फळीवर विसावतो. छाती फळीस टेंकावी लागत नाहीं, पाठ ताठ राहत नाहीं, मान वांकडी होत नाहीं. डाव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्यानें हें सर्व माप आरशांतल्याप्रमाणें उलट करावें. खांचेचे कोपरे गोल करून कानशीनें घासावे, नाहीं तर बरगडीस ते टोंचतात.

आतां पाय. पहिला पाय पुढें: पुढील कडेपासून ४ इंच आंत आणि डाव्या कडेपासून २४ इंचांवर. दुसरा पाय जिभेच्या टोकाखालीं: मागील कडेपासून ४ इंच आणि उजव्या कडेपासून ५ इंच आंत. तिसरा पाय खांचेच्या पुढें डावीकडे: डाव्या कडेपासून ३ इंच आणि पुढील कडेपासून २८ इंचांवर. हीं सर्व मापें पायाच्या मध्यापर्यंतचीं आहेत. मापें बरोबर पडलीं कीं नाहींत हें पाहण्याची खूण अशी कीं, पुढील पायापासून डावा पाय सुमारें ३२ इंचांवर, पुढील पायापासून मागील उजवा पाय सुमारें साडेचाळीस इंचांवर, आणि डाव्या व उजव्या पायांतील अंतर पुन्हा सुमारें ३२ इंच आलें पाहिजे. या मांडणींत पुढील उशी पहिल्या पायाजवळ येते, मागील उशीचा व उजव्या कोंपराचा भार दुसरा पाय घेतो, आणि डाव्या हाताचा भार तिसरा. बसणाऱ्याचे गुडघे दुसऱ्या व तिसऱ्या पायांमधून आंत जातात.

तीन पायांस एक किंमत द्यावी लागते, ती सांगितली पाहिजे. पुढचा डावा कोपरा या त्रिकोणाच्या बाहेर पडतो. त्या कोपऱ्यावर कोणी बसलें किंवा जड पेटी ठेवली तर मेज कलंडतें. आपल्या मेजाचें वजन पन्नास किलो धरलें, तरी या टोकावर वीस किलोंच्या आसपास भार पुरे होतो. म्हणून त्या कोपऱ्यावर कांहीं ठेवूं नये, आणि मुलांस त्यावर चढूं देऊं नये. बंदूक मेजावर असतांना तर हा नियम अधिकच कडकपणें पाळावा.

लांकडाविषयीं आतां थोडें. फळीसाठीं आठ फूट बाय चार फुटांचा, सहा सुती म्हणजे पाऊण इंच जाडीचा, पाण्यास टिकणारा एक प्लायवुडचा तक्ता घ्यावा. त्यांतून ४८ बाय ३६ इंचांचे दोन तुकडे निघतात आणि दोन फूट बाय चार फुटांचा एक तुकडा शिल्लक राहतो; त्याचा उपयोग पुढें सांगतों. दोन्ही तुकड्यांमध्यें सरस लावून, खालून स्क्रू पिळून, ते एकजीव करावे. म्हणजे दीड इंच जाडीची फळी तयार होते. खांच दोन्ही तुकडे जोडल्यावर कापावी, म्हणजे कडा जुळतात. अखंड लांकडाच्या फळ्या जोडूनहि मेज होतें, पण आपल्याकडील हवा लक्षांत घेतली पाहिजे. पावसाळ्यांत लांकूड दमट हवेनें आडवें फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. कोंकणांत तर हा फरक दारें घट्ट बसण्यावरून घरोघरीं कळतो. प्लायवुडमध्यें पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळें एक थर दुसऱ्यास फुगूं देत नाहीं. फळी सपाट राहावी म्हणून तेंच बरें. पायांसाठीं मात्र अखंड लांकूड हवें. सागवान उत्तम, कारण तें हवेनें फारसें हलत नाहीं. परवडत नसल्यास जुन्या घराचे वासे पाहावे. वर्षानुवर्षें वाळलेलें तें लांकूड नव्या ओल्या लांकडापेक्षां शतपट विश्वासू असतें. पाय ४ इंच चौरस आणि ३१ इंच उंच घ्यावे. फळीच्या जाडीसह मेजाची उंची साडेबत्तीस इंच होते, आणि तिला १८ ते २० इंच उंचीचें स्टूल शोभतें.

दुसरा शत्रु डळमळण्याचा. त्याचें मूळ भूमितींत आहे. चार पट्ट्यांची चौकट एकेका खिळ्यानें जोडा आणि एका कोपऱ्यास ढकला; ती तत्काळ तिरकी होते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण जोडा आणि ढकला. पट्टी मोडेल, पण त्रिकोण तिरका होणार नाहीं. घराच्या कैचीस तिरके वासे असतात ते याचसाठीं. म्हणून पायांच्या खालच्या अंगास, जमिनीपासून ५ इंचांवर, पुढील पायापासून डाव्या पायापर्यंत एक आणि पुढील पायापासून उजव्या पायापर्यंत एक, अशा दोन आडव्या पट्ट्या लावाव्या. आणि त्याच दोन बाजूंस एकेक लांब तिरकी पट्टी, एका पायाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत, ठोकावी. पट्ट्या ३ इंच रुंद व दीड इंच जाड असाव्या. पायाची बाजू आणि पट्टीची दिशा काटकोनांत येत नाहीं. तेव्हां पट्टीच्या टोकास तिरपा छेद देऊन ती पायावर सपाट बसवावी. फट राहिली तर पाचर मारून भरून काढूं नये. छेद पुन्हा घ्यावा.

येथें अनेक सुतार थांबतात. दोन बाजू पक्क्या झाल्या, तिसरी बाजू गुडघ्यांसाठीं मोकळीच हवी, असें त्यांस वाटतें. पण तेवढ्यानें काम भागत नाहीं. त्या दोन्ही पक्क्या बाजू पुढील पायाशीं एकत्र येतात. म्हणून सबंध मेज त्या पायाभोंवतीं, बिजागरीवर दार फिरावें तसें, किंचित् पीळ खाऊं शकतें. आणि हा पीळ नेमका डावीउजवीकडे, म्हणजे नेमास सर्वांत घातक अशा दिशेनें असतो. यास उपाय सोपा आहे. मागील दोन पायांच्या माथ्यांमध्यें, फळीच्या खालीं लागून, एक आडवी पट्टी द्यावी, आणि त्या पट्टीपासून प्रत्येक पायास एक फूटभर लांबीची तिरकी टेकणी लावावी. गुडघ्यांस अडथळा होत नाहीं आणि पीळ थांबतो. पायांचे माथे फळीस जोडतांना प्रत्येक पायास दोन लोखंडी अँगल लावावे.

सांधे खिळ्यांनीं करूं नयेत. प्रत्येक बारानंतर बसणाऱ्या धक्क्यानें खिळा स्वतःचें भोंक स्वतःच मोठें करीत जातो, आणि एकदां ढिला झालेला खिळा पुन्हा घट्ट होत नाहीं. तीन सुती नटबोल्ट वापरावे. दोन्ही बाजूंस रुंद चकत्या घालाव्या, नाहीं तर नट लांकडांत रुततो. भोंक पाडतांना सामता सरळ धरावा, आणि पट्टी व पाय एकत्र आवळून दोन्हींत एकदमच भोंक पाडावें. बोल्टाचा मोठा गुण हा कीं, तो पुन्हा आवळतां येतो. मेज तयार झाल्यावर महिन्याभरानें एकदां, आणि पुढें दरवर्षीं पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर एकदां, सर्व नट पान्यानें आवळावे. हें काम विसरणाऱ्याचें मेज दोन वर्षांत पुन्हा जेवणाचें मेज होतें.

तिसरा शत्रु थरथरण्याचा. दीड इंचाची फळी आणि चार इंचांचे पाय यांनीं तो बराचसा नमतो. उरलेला नमतो तो वजनानें. मघां शिल्लक राहिलेल्या प्लायवुडच्या तुकड्यांतून एक त्रिकोणी फळी कापून ती खालच्या दोन आडव्या पट्ट्यांवर ठेवावी, आणि तींवर वाळूनें भरलेलीं वीस वीस किलोंचीं दोन पोतीं ठेवावीं. वजन जमिनीजवळ असल्यामुळें मेज कलंडण्याची भीति कमी होते, आणि वाळू कंप शोषून घेते. मेज हलवावयाचें झाल्यास पोतीं काढलीं कीं दोघांना तें सहज उचलतां येतें. बसावयाचें स्टूल मात्र मेजास जोडूं नये. मेज व बैठक एकत्र जोडलेली असली कीं, शरीराची प्रत्येक चुळबूळ बैठकींतून मेजांत आणि मेजांतून बंदुकींत जाते. त्याच कारणास्तव खालच्या पट्टीवर पाय ठेवण्याची संवय लावूं नये.

पायांखालच्या जमिनीकडेहि पाहिलें पाहिजे. मऊ मातींत प्रत्येक पायाखालीं शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा टाकावा. जाड रबर लावूं नये. रबर आवाज कमी करतें, पण स्वतः दबतें. वरच्या मजल्यावरील लांकडी तक्तपोशीवर तर कसलेंहि मेज स्थिर राहत नाहीं, कारण शेजारच्या खोलींत कोणी चाललें तरी तक्तपोशी लवते. ज्यांच्याजवळ जागा आहे त्यांनीं सिमेंटचें कायमचें मेज करण्यास हरकत नाहीं. पण देशावरच्या काळ्या रेगड जमिनींत एक सावधगिरी घ्यावी. ही माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर केलेला उथळ पाया दरवर्षीं थोडा थोडा हलतो. खालीं मुरूम लागेपर्यंत खणून मगच खांब उभे करावे.

मेज कितीहि पक्कें असलें तरी बंदूक उघड्या लांकडावर ठेवूं नये. पुढें एक व मागें एक अशा दोन उशा शिवाव्या. जाड कॅनव्हासच्या किंवा मऊ चामड्याच्या पिशव्यांत चाळलेली, उन्हांत खडखडीत वाळविलेली बारीक वाळू भरावी. मागील उशीस मध्यें खोलगट आकार द्यावा, म्हणजे दस्ता तींत बसतो आणि ती उशी डाव्या हातानें किंचित् दाबून नेम सूक्ष्मपणें खालींवर करतां येतो. पुढील उशीवर बंदुकीचा लांकडी भाग टेंकवावा, नळी कधींहि टेंकवूं नये. नळीस आधार दिला कीं तिचा नैसर्गिक कंप बदलतो व गोळी भलतीकडे जाते. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीची गोष्ट आणखी नाजूक आहे. तिच्यांतला दट्ट्या पुढें धांवतांना बंदूक प्रथम मागें आणि लगेच पुढें असे दोन धक्के देते, आणि छरा अजून नळींतच असतो. ती घट्ट दाबून धरली तर प्रत्येक वेळीं दाब निराळा पडतो. म्हणून तिला मऊ उशीवर किंवा उशीवर ठेवलेल्या तळहातावर सैल विसावूं द्यावी, आणि प्रत्येक वेळीं त्याच जागीं विसावूं द्यावी.

मेज तयार झालें. तें खरोखर स्थिर आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें? प्रथम बंदूक रिकामी आहे याची स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करावी. ती दोन उशांवर ठेवून एखाद्या दूरच्या खुणेवर नेम जुळवावा आणि हात काढून घ्यावे. मग डोळा नेमावर ठेवून, मेजाची एकेक कड बोटानें दाबण्यास कोणास तरी सांगावें. नेम खुणेवरून सरकून परत आला तर कोठें तरी लवचीकपणा आहे. सरकून परत आला नाहीं तर सांधा ढिला आहे. कोणत्या कडेस दाबल्यानें हें होतें त्यावरून दोषी सांधा सांपडतो. ही परीक्षा फुकट आहे, आणि गोळ्यांच्या पेटीपेक्षां अधिक शिकविते.

मेज या परीक्षेंत उतरलें म्हणजे मगच बंदुकीची परीक्षा घ्यावी. पांच बार एकाच खुणेवर काढावे आणि मध्यें माशीस किंवा भिंगास हात लावूं नये. एकेका भोंकामागें धांवून नेम बदलणारा मनुष्य शेवटपर्यंत धांवतच राहतो. पांच भोंकें जवळजवळ पडलीं पण बाजूस पडलीं, तर माशी किंवा भिंग सरकवावें. पांच भोंकें विखुरलीं, तर गोळीची जात बदलून पुन्हा पाहावें. गोळी बदलूनहि विखुरलींच, तर नळी व तिचे स्क्रू तपासावे. आणि मेजावरून पांचहि भोंकें एका रुपयाखालीं झांकलीं जात असतील, पण उभें राहिल्यावर मात्र विखुरत असतील, तर बंदूक निर्दोष आहे. आतां अभ्यास स्वतःचा करावयाचा. ही शेवटची गोष्ट कळणें हेंच या सर्व खटाटोपाचें फळ. पन्नास मीटरच्या स्पर्धेंतील मोठमोठे नेमबाजहि आपली रायफल जड आधारांत आवळून गोळ्यांचे निरनिराळे गट तपासून घेतात, तें याच हेतूनें.

शेवटीं एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मेज घरीं करावयाचें आहे. काडतुसाची बंदूक मात्र घरीं चालवावयाची नाहीं. तिची जागा अधिकृत चांदमारीवर, मातीच्या उंच बांधासमोर. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्रकायदा आणि २०१६ चे शस्त्रनियम लागू आहेत. हवाई बंदुकीच्या शक्तीस व नळीच्या व्यासासहि त्यांत मर्यादा घातलेली आहे, ती खरेदीपूर्वीं समजून घ्यावी. पशुपक्ष्यांवर तर कोणतीच बंदूक रोखूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली आहे. घरीं दहा मीटरांवर हवाई बंदुकीचा सराव करणाऱ्यानें लक्ष्यामागें जाड पत्र्याची, आंत चिंध्या ठासून भरलेली पेटी ठेवावी, म्हणजे छरा उसळून परत येत नाहीं. लक्ष्याच्या बाजूस दार किंवा खिडकी असूं नये. डोळ्यांवर चष्मा असावा. छरे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज खाण्यास हात लावूं नये. मेजावरून उठतांना बंदूक रिकामी, उघडी आणि लक्ष्याकडे तोंड केलेली असावी. मेज स्थिर असल्याचा हाहि एक फायदा आहे: बंदुकीचें तोंड कोठें आहे हें बसणाऱ्यासच नव्हे, तर सभोंवार उभ्या असलेल्या प्रत्येकास सतत दिसत राहतें.

श्रोतेहो, तीन पाय, दोन लांब तिरक्या पट्ट्या, दोन आंखूड टेकण्या, एक जाड फळी आणि दोन पोतीं वाळू, एवढाच हा संसार आहे. सुतारास सोबत घेऊन बसलें तर दोनतीन दिवसांचें काम. पण त्या मेजावर बसून ज्याला आपला दोष कोणता आणि साधनाचा कोणता हें एकदां स्पष्ट दिसलें, त्याची पुढली मेहनत योग्य ठिकाणीं पडते. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.